अर्धा फळा

यशोधरानं खुंटीवरून दप्तर काढलं. जानूआबा जागचे उठले, तिच्या हातातून ते घेतलं आणि परत खुंटीला अडकवलं. सकाळपासून हेच चाललं होतं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. जणू दप्तरच आपल्या पायानं खाली उतरत होतं नि वर चढत होतं.

"आबा, लायब्ररीची पुस्तकं आहेत त्यात. उद्या परत करायचीत."

"पोरगी जातीच हाय की उद्या. तिची ती दील."

"उद्या मी तिचा दाखला मागणार आहे."

"माग. दप्तर खुंटीवरच ऱ्हाईल."

धम्मदीप रात्रपाळी करून नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता. कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच होता. उंबऱ्यात बसून तो चहा पीत होता आणि बापाचं नि बायकोचं ऐकत होता. चहा केव्हाच संपला होता, तरी कप तोंडाला लावत होता.

बाहेर ओट्यावर हिराबाई आणि तेजल वालाच्या शेंगा सोलत होत्या. वडगावात जानेवारीचं ऊन जरा उशिरानंच अंगणात उतरतं. ते आत्ता कुठं तेजलच्या पायांपर्यंत आलं होतं. पाय काही स्थिर नव्हते. एक हलायचा थांबला की दुसरा हलायचा. पण बोटं शेंगेत गुंतली होती. शेंग टचकन फुटायची, दाणे परातीत पडायचे.

गेल्या महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी तेजलच्या त्या न थांबणाऱ्या पायांना नाव दिलं होतं. एडीएचडी. हिराबाईंना ते म्हणता येत नसे. त्या 'ती चार अक्षरं' म्हणायच्या. डॉक्टर म्हणाले होते, हिचं लक्ष नसतं असं नाही, लक्ष सगळीकडेच असतं. ऐकताना यशोधराला हलकं वाटलं होतं. पण शाळेत जाऊन सांगितलं तेव्हा चैताली टीचर म्हणाल्या, "म्हणजे आजारच आहे ना? मग आम्ही म्हणतच होतो."

आणि मग बुटांच्या नाड्यांचं झालं. तेजलनं एका दुपारी शाळेत दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना घट्ट बांधून टाकल्या. उठूच नये म्हणून. घंटा झाली, तेव्हा विसरून उठली आणि तोंडावर आपटली. नाकातून रक्त आलं. यशोधरा तळेगावच्या लॅबमधून हातातलं काम टाकून धावत गेली. गुडघ्यावर बसून तिनं त्या गाठी सोडवल्या. इतक्या घट्ट होत्या की दातांनी सोडवाव्या लागल्या.

"मी स्वतःलाच बांधलं," तेजलनं सांगितलं. "टीचर म्हणतात तशी शहाणी व्हायला."

त्याच दिवशी यशोधरानं ठरवलं. लॅबची सकाळची पाळी मागायची, दुपारपासून लेकीला घरी शिकवायचं. पुढं बाहेरून परीक्षा देता येते, ते तिनं विचारून ठेवलं होतं. ख्रिसमसच्या सुट्टीत शिकवूनही पाहिलं. तेजल अंगणात चकरा मारत धडा म्हणायची, भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक मांडायची, आणि मांडून झाले की खाऊन टाकायची.

ओट्यावर हिराबाईंनी सूर लावला. हे रोजचंच होतं. शेंगा असोत, तांदूळ निवडायचे असोत, हात चालू झाले की त्यांचा गळा आपोआप चालू व्हायचा. आता त्यात पाढे आले होते.

"सात एके सात गं, लेकीचे चपळ हात,
सात दुणे चौदा गं, डोंगराखाली ओढा,
सात त्रिक एकवीस गं, नाचणीला आलं कणीस…"

"सात चोक अठ्ठावीस गं," तेजलनं मधेच उचललं, "आजी, तू किती हळू म्हणतीस!"

हिराबाई इतक्या हसल्या की परात हलली.

"बघा," त्या आत तोंड करून म्हणाल्या. "शाळंनं दोन वरसं घासलं, सातचा पाढा चढला न्हाई. हात गुतवून ठिवलं की हिचं कान आपसूक उघडं व्हत्यात. सूनबाई म्हणती तसं करा. ऱ्हाऊ द्या पोर घरी."

"तू गप," आबा म्हणाले. "तुला शाळंचं काय म्हाईत?"

"मला न्हाई म्हाईत. तुमाला हाय, तर सांगा. तुमी तरी कुटं बाकावर बसून शिकलाय? घाटात रेल्वेची गँगमनकी करताना पाट्या वाचून शिकला. चालत चालत. ह्यो खंडाळा, ह्यो बोगदा, हितं शिट्टी वाजवा. शिकलाच न्हवं?"

"मला बाक मिळालं न्हाई म्हणून," आबा म्हणाले.

हिराबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. आबा शाळेबद्दल कधी बोलत नसत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली ते रोज उभे राहत. मुलाला शिका म्हणत, नातीला शिक म्हणत. पण आपण चौथीपर्यंत कसे शिकलो, कुठं बसलो, हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

"यशोधरा," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुला वाटतं म्हातारा आडमुठा हाय. आसंल. पर आपल्या मान्सानं शाळंत पाय ठिवायला किती पिढ्या घालवल्या, ते मोज की. आन् तू आपल्या पायानं पोरीला भाईर काढणार? ती काय आडाणी शाळा हाय का? मोटी शाळा. त्यांनी आपल्या पोरीला स्वतंत्र जागा करून दिलीया. मी विहारात चार मान्सात सांगितलंय."

हे खरं होतं. दिवाळीनंतर शाळेतून निरोप आला होता, तेजलसाठी एक छोटं आसन पाठवा, तिची वेगळी जागा केली आहे. हिराबाईंनी आपल्या निळ्या लुगड्याचं बसकर शिवलं होतं, चारी बाजूंनी पांढरा काठ लावून. आबांनी टाके ओढून बघितले होते. आणि रविवारच्या वंदनेनंतर विहारात बसल्या बसल्या म्हणाले होते, आमच्या तेजलला शाळंत खास जागा हाय. तिच्याच वर्गातल्या, हनुमंत दाभोळकराच्या नातवाला न्हाई तसली.

"जागेनं काय होतं, आबा," यशोधरा म्हणाली. "ती तिथं सुकत चालली आहे. मी तिला हरवू देणार नाही. तुम्ही काहीही म्हणा, मी उद्या जाणार."

तिनं पुन्हा दप्तराला हात घातला. आबांनीही घातला. या वेळी कुणीच सोडलं नाही. चेन उसवत गेली आणि सगळं जमिनीवर सांडलं. वह्या, लायब्ररीची पुस्तकं, डबा, पट्टी, रंगाचे खडू. सगळ्यात शेवटी घडी घातलेलं निळं बसकर पडलं आणि पडता पडता उलगडलं.

त्यावर बुटांचे ठसे होते. एकावर एक, लहान-मोठे, लाल मातीचे. पांढरा काठ कुठं संपतो नि कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं.

आबा सावकाश खाली बसले. बसकर मांडीवर ओढून घेतलं. अंगठ्यानं एक ठसा पुसून पाहिला. तो आणखी पसरला.

"तेजे," त्यांनी हाक मारली. "हिकडं ये."

तेजल आली, येताना वालाचा दाणा उडवून झेलत.

"ह्याच्यावर पाय कुनी दिला?"

"सगळेच देतात. दाराच्या मधे येतं ना ते."

"कुटल्या दाराच्या?"

"वर्गाच्या."

"आत का भाईर?"

"बाहेर. व्हरांड्यात." तिनं हाताने हवेत दार काढून दाखवलं. "इथे उंबरा, इथे मी. म्हणजे मी हलले तर कुणाला दिसत नाही. छान आहे तिथे. वारा येतो. कुत्रं पण येतं."

धम्मदीपनं कप खाली ठेवला. त्याचा आवाज झाला.

"मला टीचर म्हणाल्या होत्या, मोकळी जागा दिलीय," यशोधरा कुणाकडेच न बघता म्हणाली. "मोकळी जागा."

"मग तितनं फळा दिसतो का?" आबांनी विचारलं.

"अर्धा दिसतो."

"कुटला अर्धा?"

तेजलनं डोळे मिटून दोन्ही हात समोर धरले, डावं-उजवं जुळवलं. "डावा."

आबांनी बसकराचा काठ बोटानं चाचपला.

"मला बी डावाच दिसायचा," ते म्हणाले.

ओट्यावर ऊन परातीपर्यंत पोचलं होतं. तेजल आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिनं हातातला दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि पळाली.

संध्याकाळी आबांनी बसकर नळाखाली धुतलं. हिराबाई म्हणाल्या, मी धुते. त्यांनी दिलं नाही. पिळून दोरीवर टाकलं आणि म्हणाले, "सूनबाई, उद्या मी बी येतो."

"आबा, मी ऐकणार नाहीये. आता तर नाहीच."

"ऐकू नगंस. दाखला काढ. मी काय आडवत न्हाई." त्यांनी दोरीवरच्या बसकराची कड सारखी केली. "पर एवडं ध्यानात ठेव. व्हरांड्यातनं कुनी शाळा सोडत नसतं. सोडायला आदी आत बसावं लागतं. मी कवा शाळा सोडलीच न्हाई बग. धरलीच न्हवती."

सोमवारी आबा, यशोधरा आणि तेजल शाळेत पोचले, तेव्हा प्रार्थना संपून वर्ग भरले होते. तळेगावच्या नव्या सोसायट्यांच्या मधोमध ती शाळा होती, पिवळी, तीन मजली, फाटकापाशी फुलझाडांच्या कुंड्या. आबांनी पांढरा सदरा घातला होता, लेकाच्या लग्नातला. बसकर घडी करून त्यांच्या काखेत होतं.

मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. यशोधरानं घरी शिकवायचं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला.

"खरं सांगू? आम्हीच सुचवणार होतो. पण पालकांना वाईट वाटतं. तुमच्यासारखे जागरूक पालक फार कमी असतात. तिच्यासाठी घरच उत्तम. तिथे तिला मायेनं घेता येईल."

"हो," यशोधरा म्हणाली.

"मी अर्ज तयारच करून ठेवलाय. तुम्हाला लिहायचा त्रास नको." बाईंनी खणातून कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं. "फक्त सही. दाखला दुपारपर्यंत देते. एरवी चार दिवस लागतात."

यशोधरानं पेन उचललं. ती हेच करायला आली होती. रात्रभर तिनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. कशासाठी भांडायचं, कशावर अडून बसायचं. आणि इथं तर वाट झाडून, पाणी शिंपडून ठेवलेली होती. तिच्यासमोर कुणी उभंच नव्हतं. दार सताड उघडं होतं, बाहेरच्या बाजूला.

तिनं आबांकडे पाहिलं. ते कागदाकडे बघत नव्हते. खिडकीतून समोरच्या व्हरांड्याकडे बघत होते. तिथं एका वर्गाच्या दाराशी फरशीचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा गुळगुळीत दिसत होता. कदाचित उन्हामुळे.

तिनं पेनला टोपण लावलं.

"आत्ता तिचा कुठला तास चालू आहे?"

"गणित असेल. का?"

"मग ती तासाला बसेल. वर्गात. बाकावर."

बाईंना कळेना. "पण तुम्ही तर तिला काढताय ना?"

"काढेन. वर्ष संपू दे. एप्रिलात मी, तिचा बाप आणि ती, तिघं मिळून ठरवू, घरी शिकवायचं की नाही. काढलीच तर वर्गातून काढेन. व्हरांड्यातून काढायला ती आत आलीच कुठे आहे?"

"हे बघा, तुम्ही गैरसमज करून घेताय. बाकीच्या मुलांना त्रास होतो, त्यांचे पालक तक्रारी करतात. तिच्याच सोयीसाठी ती जागा…"

"त्या पालकांना माझा नंबर द्या. मी बोलते."

"असं एकदम नाही करता येत. मला बघावं लागेल, टीचरशी बोलावं लागेल."

"बघा की," आबा पहिल्यांदाच बोलले. आवाज साधाच होता. "सावकाश बघा. आमी हाय हितंच."

ते उठले. यशोधराही तेजलचा हात धरून उठली. कागद टेबलावर तसाच राहिला, पंख्याच्या वाऱ्यानं त्याची कड उचलत होती.

वर्गाच्या दाराशी आल्यावर तेजल सवयीनं थांबली. तिनं खाली फरशीकडे पाहिलं, मग आजोबांच्या काखेतल्या बसकराकडे हात केला.

"द्या ना आबा."

"ते आता माझं हाय," आबा म्हणाले. "तू आत जा."

"पण मी हलले तर?"

"हलशीलच," यशोधरा म्हणाली. तिनं वाकून लेकीच्या बुटांच्या नाड्या तपासल्या, दोन्ही वेगवेगळ्या बांधल्या. "आतच हल."

चैताली टीचर खडू हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी यशोधराकडे पाहिलं, तिच्यामागून येणाऱ्या मुख्याध्यापिका बाईंकडे पाहिलं. बाई दोन पावलं मागंच थांबल्या. वर्गातली सगळी डोकी दाराकडे वळली. मधल्या रांगेतल्या एका मुलीनं बाकावरचं आपलं दप्तर उचलून पायाशी ठेवलं. तेजल उंबरा ओलांडून गेली. जाताना तिनं एकदा मागं वळून पाहिलं, कुत्रं आलंय का ते.

आबांनी त्या गुळगुळीत फरशीवर बसकर पसरलं आणि भिंतीला पाठ लावून बसले. वयाच्या मानानं त्यांची मांडी अजून चांगली बसत होती. यशोधरानं लॅबला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं आणि त्यांच्या शेजारी टेकली.

थोड्या वेळानं आतून एक मुलगा दार लावायला आला. टीचरनीच पाठवलं असावं. आबांनी हळूच उजवा पाय लांब करून उंबऱ्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे बाळा," ते म्हणाले. "वारा चांगला येतोय."

मुलगा मागं बघत उभा राहिला. मग तसाच आत गेला.

दार उघडं राहिलं. तिथून खरंच डावा अर्धाच फळा दिसत होता. त्यावर भागाकार मांडला होता, बाकी उजवीकडं कुठंतरी गेली होती. तेजलचं डोकं दिसत नव्हतं, बाकाखालचे पाय दिसत होते. एक हलत होता. तो थांबला की दुसरा. मग दोन्ही दिसेनासे झाले. बाक करकरलं. टीचरचा आवाज आला, पोरांच्या हसण्याचा एक लोट आला, आणि यशोधरा अर्धी उठली. आबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. ती परत बसली. आत हळूहळू शांत झालं. भागाकार पुढं सुरू झाला.

सुटल्यावर ते तिघं रस्त्यानं चालत निघाले. तेजल पुढं, कडेच्या दगडावरून तोल सांभाळत. यशोधराला बरंच काही विचारायचं होतं. कुणी चिडवलं का, डबा कुणाबरोबर खाल्ला, रडू आलं का. पण आबांनीच आधी विचारलं, आणि भलतंच.

"काय गं, त्या दुसऱ्या अर्ध्यात काय लिवलेलं आसतं?"

"कुठल्या?"

"उजव्या. तुला दिसत न्हवता त्यो."

"काही नसतं हो आबा." तेजलनं दगडावरून उडी मारली. "वर तारीख. मग विषय. आणि खाली पट किती, हजर किती. मॉनिटर रोज सकाळी बाकं मोजून लिहिते."

आबा खुदकन हसले. मग आणखी हसले, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत. "तारीख," ते यशोधराला म्हणाले. "आन् मी जलमभर म्हणतोय, काय आसंल, काय आसंल."

"पण चुकलं होतं ते," तेजल म्हणाली.

"काय?"

"हजरचा आकडा. एक कमी होता. मॉनिटर बाहेरचं मोजतच नाही. मी उठले, गेले आणि खोडून बरोबर केला."

यशोधरा चालता चालता थांबली. "तासाच्या मधे उठलीस?"

"हो मग. चुकीचा होता ना."

"आणि टीचर काय म्हणाल्या?"

तेजलनं खांदे उडवले. पुढच्या दगडावर चढली, दोन्ही हात पसरले.

"म्हणाल्या, तेजल, जागेवर जाऊन बस."

"मग?"

"मग काय," तेजल म्हणाली. "जाऊन बसले."